एक नट, नव्वद सेकंद आणि किल्लारीच्या भिंती

इमारत कोसळली किंवा जळाली की पहिला प्रश्न येतो तो जबाबदार कोण, हा. प्रश्न रास्तच आहे. ज्यांची माणसं गेली त्यांना न्याय हवा असतो, पोलिसांना गुन्हा नोंदवायचा असतो. पण शेजारच्या, त्याच काळात तशाच पद्धतीने बांधलेल्या इमारतीत राहणाऱ्या माणसाच्या मनात वेगळाच प्रश्न असतो. ती का पडली, आणि माझीही पडेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर न्यायालयात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मिळतं ढिगाऱ्यात, आणि ढिगारा उचलला गेला की ते कायमचं हातचं जातं.

हे दुसरं उत्तर शोधायचं एक शास्त्र आहे. ते कसं चालतं, हे समजायला कॅन्सस सिटीतल्या एका पोलादी नटापासून (बोल्टवर बसवतात तो) सुरुवात करू.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या या शहरात 1980 साली हयात रीजन्सी हे मोठं हॉटेल सुरू झालं. आत अनेक मजले उंच दिवाणखाना, आणि त्याच्या वरून जाणारे, छताला पोलादी सळयांनी टांगलेले पादचारी पूल. चौथ्या मजल्याचा पूल बरोबर दुसऱ्या मजल्याच्या पुलावर होता. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी खाली नाचाचा कार्यक्रम रंगला होता आणि बरेच लोक पुलांवर उभे राहून तो पाहत होते. सातच्या सुमारास चौथ्या मजल्याचा पूल सुटला, दुसऱ्या मजल्याच्या पुलावर आदळला, आणि दोन्ही खालच्या गर्दीवर कोसळले. 114 माणसं मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

सुरुवातीला चर्चा अशी की लोक पुलावर ताल धरून नाचत असतील, त्यामुळे पूल झुलला आणि तुटला. ऐकायला पटणारं कारण होतं. तपास गेला नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेकडे. पुढे तिचंच नाव एनआयएसटी झालं. मोजमापं आणि मानकं ठरवणारी ही संस्था, त्यामुळे तिला सवय मोजायची. त्यांनी पडलेल्या पुलांचे भाग तपासले, तशाच तुळया नव्याने बनवून घेतल्या आणि प्रयोगशाळेत त्या फाटेपर्यंत भार दिला. कोसळण्याच्या क्षणी दोन्ही पुलांवर मिळून किती माणसं होती याचाही अंदाज काढला. आकडा आला साधारण 63. एवढ्या लांबीच्या पुलांसाठी ही गर्दी नव्हेच. म्हणजे नाचणाऱ्यांवर ठपका ठेवायला जागाच उरली नाही.

खरं कारण सळयांच्या मांडणीत होतं. ते समजायला घरातलं शिंकं आठवा. आढ्याला एक लांब दोर बांधला आहे. त्या दोराला मधे एक गाठ, गाठीवर वरचं शिंकं. खाली आणखी एक गाठ, तिच्यावर खालचं शिंकं. दोन्ही मडक्यांचं वजन दोर पेलतो, पण वरच्या गाठीवर ओझं फक्त वरच्या मडक्याचं येतं. आता समजा, लांब दोर ओवणं किचकट म्हणून तुम्ही वरचं शिंकं एका आखूड दोराने आढ्याला टांगलंत आणि खालचं शिंकं दुसऱ्या दोराने वरच्या शिंक्यालाच बांधलंत. लांबून पाहिलं तर काहीच फरक नाही. मडकी तीच, उंची तीच. पण आता वरच्या शिंक्याची गाठ दोन मडकी पेलते आहे.

हॉटेलात हेच झालं. मूळ नकाशात छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत अखंड सळई होती. तिच्यावर मधोमध नट बसवायचा तर सळईला बऱ्याच लांबीपर्यंत आटे पाडावे लागले असते, म्हणून बांधकामात एका सळईच्या दोन झाल्या. त्यामुळे चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. त्यातून ती तुळई दोन पन्हाळ्या समोरासमोर ठेवून वेल्ड केलेली पोकळ पेटी होती, आणि सळईचं भोक नेमकं त्या वेल्डमधूनच गेलेलं. नट ती पेटी फाडून वर निघाला. तपासातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाक्य पुढचं आहे: प्रत्यक्षात बांधलेला जोड शहराच्या नियमावलीने मागितलेल्या ताकदीच्या जेमतेम 30 टक्के होता, आणि मूळ नकाशातला जोडसुद्धा फक्त सुमारे 60 टक्के. बदलाने मरण जवळ आणलं हे खरं, पण चूक बदलाच्या आधीपासून होती. बदललेल्या नकाशावर अभियंत्यांचा शिक्का होता. त्या जोडाचं गणित मात्र कुणीच केलेलं नव्हतं. त्या अभियंत्यांचे परवाने पुढे रद्द झाले.

चांगला तपास म्हणजे काय, हे मला या प्रकरणात सर्वांत स्वच्छ दिसतं. पटणारी गोष्ट मिळाली म्हणून थांबायचं नाही. आधी जेवढी म्हणून कारणं संभवतात ती सगळी मांडायची आणि एकेक मोजून बाद करायचं. डॉक्टर शवविच्छेदनात हेच करतात: छातीवर वार दिसला तरी पोट उघडून पाहतात.

पण शवविच्छेदनाला शव लागतं. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडल्यावर हीच अडचण आली. पहिल्यांदा जो तपासगट नेमला गेला त्याच्या हातात कायदेशीर अधिकारच नव्हते. मनोऱ्यांचे नकाशे मिळायला महिने गेले, आणि दरम्यान पोलाद भंगारात विकलं जात होतं. त्यातलं काही जहाजाने आपल्या चेन्नई बंदरातही उतरलं. बचावकार्य आणि सफाई थांबवता येत नाही, हे मान्यच. तरी कुठला तुकडा कोणत्या मजल्यावरचा होता, हे कळण्याआधीच तो वितळवला जाणं म्हणजे पुरावा हातचा जाणं. एनआयएसटीकडे तपास आला तोवर पोलादाचे दोनशे छत्तीस तुकडे हाती राहिले होते. पोलादाचा पुढचा सगळा अभ्यास त्यांच्यावरच उभा राहिला.

त्या हळहळीतून ऑक्टोबर 2002 मध्ये अमेरिकेत एक कायदा आला, नॅशनल कन्स्ट्रक्शन सेफ्टी टीम कायदा. कल्पना विमान अपघातांच्या तपासावरून घेतलेली. मोठी इमारत कोसळली आणि बरीच जीवितहानी झाली की एनआयएसटीने तज्ज्ञांची तुकडी पाठवायची. त्या तुकडीला घटनास्थळी जाण्याचा, पुरावा ताब्यात घेण्याचा, कागदपत्रं मागण्याचा अधिकार. बदल्यात दोन बंधनं. तुकडीने दोषी कोण हे ठरवायचं नाही, आणि तिचा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरायचा नाही. आपल्याला हे पहिल्यांदा ऐकताना खटकतं. दोषींना पाठीशी घालण्यासारखं वाटतं. पण ठेकेदाराच्या, इंजिनिअरच्या, तपासनीसाच्या जागी बसून पाहा. तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य उद्या वकील आपल्याविरुद्ध वापरणार असेल तर कोण मोकळेपणाने सांगेल की त्या दिवशी साइटवर नेमकं काय झालं? पोलीस तपास आणि खटले स्वतंत्रपणे चालतातच. हा तपास फक्त पुढच्या इमारतीसाठी असतो.

या कायद्याखालची सुरुवातीची एक कसोटी फार लवकर आली. त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आग म्हणजे काय याची आपली कल्पनाच त्या तपासाने चुकीची ठरवली.

20 फेब्रुवारी 2003. ऱ्होड आयलंड राज्यातल्या वेस्ट वॉरविक गावातला 'द स्टेशन' नावाचा एकमजली नाइटक्लब. आत चारशेहून अधिक माणसं, स्टेजवर रॉक बँड. गाणं सुरू होताच शोभेची दारू उडवली गेली. तिच्या ठिणग्या स्टेजमागच्या भिंतीवर पडल्या. त्या भिंतीवर फोम चिकटवलेला होता, शेजाऱ्यांच्या आवाजाबद्दलच्या तक्रारी थांबाव्यात म्हणून. 100 माणसं मेली.

योगायोग असा की आत एक टीव्ही कॅमेरामन चित्रीकरण करत होता. त्यामुळे तपासकर्त्यांकडे सेकंदागणिक नोंद आली, जी आगीच्या तपासात जवळजवळ कधीच मिळत नाही. शून्य सेकंदाला फोमने पेट घेतला. साधारण तिसाव्या सेकंदाला बँडने वाजवणं थांबवलं. तोवर अनेकांना ज्वाळा कार्यक्रमाचाच भाग वाटत होत्या. चाळीस सेकंदांच्या आसपास अलार्म वाजला. पावणेदोन मिनिटं होत आली तेव्हा पुढच्या दारात माणसांवर माणसं पडून वाट बंद झाली होती.

दारं खरं तर चार होती. पण एक स्टेजजवळ, आगीच्या बाजूला. एक स्वयंपाकघरातून, जे पाहुण्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि माणूस संकटात ज्या दारातून आत आला त्याच दाराकडे धावतो. हा बावळटपणा नव्हे. धुरात आणि अंधारात डोक्यात जेवढा नकाशा असतो तेवढाच उपयोगी पडतो. एनआयएसटीच्या अंदाजाने सुमारे दोन तृतीयांश लोकांनी पुढच्याच दाराने निघायचा प्रयत्न केला. तिथली वाट अरुंद, तिकीट घेण्याच्या जागेवरून जाणारी. कित्येक जण खिडक्या फोडून वाचले.

आता फोमकडे येऊ. पॉलियुरेथेन फोम म्हणजे आपल्या गादीतला, सोफ्यातला स्पंज. लाकडाचा ओंडका आणि लाकडाचा भुसा यांत जो फरक, तोच इथे. पदार्थ जितका पोकळ आणि सच्छिद्र, तितकी हवा त्याला सगळीकडून मिळते आणि उष्णता आत मुरून निवायला जागा नसते, म्हणून पृष्ठभाग झटकन तापतो. त्यात भिंत उभी. ज्वाळा वर जाते, वरचा फोम तापवते, तो पेटतो. छताशी पोचल्यावर धूर आणि गरम वायू छताखाली पसरतात आणि मग थर जाड होत होत खाली उतरू लागतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. त्यामुळे ज्वाळा अजून वीस फूट दूर असतानाच काही श्वासांत शुद्ध हरपू शकते.

हे सगळं खरंच एवढ्या वेगाने होतं का, हे पाहायला एनआयएसटीने त्या क्लबच्या स्टेजचा आणि भोवतालच्या भागाचा पूर्ण आकाराचा नमुना उभा केला, तसाच फोम लावला आणि पेटवला. जगण्याजोगी स्थिती नव्वद सेकंदांच्या आत संपली. मग दुसरा तसाच नमुना, पण छताला स्प्रिंकलर, म्हणजे आगीच्या उष्णतेने आपोआप उघडून पाणी फवारणारे नळ. अर्ध्या मिनिटाच्या आत पहिलं स्प्रिंकलर उघडलं, आग दबली, खोली जगण्याजोगी राहिली. खोली तीच, फोम तोच, ठिणगी तशीच. मूळ क्लबमध्ये स्प्रिंकलर नव्हते, कारण इमारत जुनी होती आणि जुन्या इमारतीला ते बसवण्याची सक्ती नव्हती.

उरलेल्या इमारतीत काय घडलं ते संगणकावर पाहिलं. त्यासाठी एनआयएसटीनेच लिहिलेली एक प्रणाली आहे. ती खोलीतली हवा बारीक बारीक घनांत कापते आणि प्रत्येक घनातली उष्णता, धूर, प्राणवायू शेजारच्या घनात कसा जातो याचं क्षणाक्षणाचं गणित करते. गणित बरोबर आहे हे ठरवायला नमुन्यातल्या आगीची मोजमापं आणि कॅमेऱ्याचं चित्रीकरण हाताशी होतंच. नुसत्या संगणकावर विसंबून कुणी निष्कर्ष काढला नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

आणि या तपासाचं फळ? शिफारशी. एनआयएसटी नियम करत नाही, तिला तो अधिकारच नाही. ती शिफारस करते, नियमावली लिहिणाऱ्या संस्था ती तपासतात, मग राज्यं आणि शहरं आपापल्या कायद्यात घेतात. दुर्घटनेनंतर काही महिन्यांतच अमेरिकेच्या जीवसुरक्षा नियमावलीत बदल झाले: नव्या नाइटक्लबना स्प्रिंकलर सक्तीचे, आणि शंभरहून अधिक माणसं मावतील अशा जुन्यांनाही. 2005 च्या अहवालाने त्याला जोड दिली ती मुख्य दाराची. दोन तृतीयांश माणसं जर तिथेच धावणार असतील तर दार तेवढं रुंद करा. माणसाला बदलण्यापेक्षा दार बदलणं सोपं.

जुळ्या मनोऱ्यांच्या तपासातूनही असेच बदल आले. अतिउंच इमारतींना एक जादा जिना, अंधारात चमकणाऱ्या खुणा, पोलादावरचा अग्निरोधक लेप अधिक घट्ट चिकटलेला हवा. त्याच आवारातली 47 मजल्यांची सातवी इमारत विमान न आदळताही फक्त आगीने पडली, आणि त्याचं कारण शाळेतल्या विज्ञानात आहे. उन्हात रूळ वाढतात म्हणून रुळांच्या सांध्यात फट ठेवतात ना? तिथे तापलेल्या लांब तुळया वाढल्या, वाढताना त्यांनी एका मोठ्या तुळईला तिच्या बैठकीवरून ढकललं, आणि एका खांबाचा आधार सुटला. एक खांब आणि मग इमारत. पोलाद वितळायची गरजच पडली नाही.

जून 2021 मध्ये फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावात बारा मजल्यांची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत मध्यरात्रीनंतर पडली आणि 98 माणसं गेली. इमारत 1981 ची. एनआयएसटीने वेळोवेळी जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार पोहण्याच्या तलावाभोवतीची गच्ची इमारतीच्या काही मिनिटं आधी खचली होती, आणि तिच्या स्लॅबचे खांबांशी असलेले जोड मुळात त्या काळच्या नियमांपेक्षाही कमकुवत होते. त्यावर वर्षानुवर्षं पाण्याने गंज, वर झाडांच्या कुंड्यांचं आणि मातीचं वजन. या दुर्घटनेनंतर फ्लोरिडाने 2022 मध्ये तीस वर्षांच्या बहुमजली निवासी इमारतींची तपासणी राज्यभर सक्तीची केली. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणीची तरतूद त्याआधीपासून आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच. आपल्याकडे कागदावर नियम कमी नाहीत. आगीबाबतही 2006 च्या महाराष्ट्र कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत, आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, द्यावं लागतं. आपल्या सोसायटीचा मागचा फॉर्म बी कधी भरला, हे सचिवांना विचारून पाहा. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल पाहायला मागा, आणि त्यात सुचवलेली दुरुस्ती झाली का, तेही. तळमजल्यावर कुणी दुकान मोठं करण्यासाठी भिंत पाडत असेल तर ती नुसती भिंत आहे की तिच्यात खांब आहे, हे इंजिनिअरने सांगेपर्यंत काम थांबवायला सांगणं हा शेजाऱ्याचा हक्क आहे.

पण आपल्याला तपासातून शिकता येत नाही असं मात्र नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना किल्लारी परिसरातली, लातूर-उस्मानाबादची जमीन हलली. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंपाची तीव्रता 6.2, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. मग एवढी माणसं का मेली?

अभियंते गावोगाव फिरले, पडक्या भिंतींच्या कापातून आत पाहिलं. भिंती दोन-तीन फूट जाड, बाहेरून भक्कम. आत मात्र एक भिंत नव्हतीच, दोन होत्या. बाहेरचा दगडांचा पदर, आतला दगडांचा पदर, आणि मधे चिखल व दगडगोट्यांचा भराव. दोन पदरांना शिवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसताच दोन्ही पदर एकमेकांपासून फुगून सुटले, आणि वरचं मातीच्या जाड थराचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रचलेली माती हेच त्या रात्री सर्वांत मोठं वजन ठरलं. जिथे माळवदाचा भार भिंतीऐवजी लाकडी खांबांवर होता, तिथे काही घरांत भिंती पडूनही छत वर तगून राहिलं.

या शोधातून दोन गोष्टी झाल्या. देशाच्या भूकंप नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 च्या सुधारित मानकात तो पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. दुसरी गोष्ट उभ्या असलेल्या जुन्या घरांसाठी. भिंतीत आतून बाहेर हाताने दगड सोडवत आरपार भोक काढायचं, साधारण मुठीएवढं, दोन्ही तोंडांशी जरा रुंद. त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. ते घट्ट झालं की दोन्ही पदर डंबेलसारख्या त्या गाठीने एकत्र धरले जातात. असे जोड ठरावीक अंतरावर सगळ्या भिंतीत घालायचे, माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, आणि भिंतींना वरून पट्टा बांधायचा. गावातला गवंडी हे काम करू शकतो, त्याला फक्त एकदा शिकवावं लागतं. काम सुरू करण्याआधी भिंतीला टेकू मात्र द्यायचा, आणि एका वेळी फार भोकं पाडायची नाहीत.